बेळगावात साडीच्या दुकानासाठी मराठी-कन्नड वेबसाइट घरीच करायची आहे, काय वापरू?

चार पानांच्या साइटला पैसे घालू नका. कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर, अडलं की एमडीएन ही वेबसाइट बनवण्याची माहिती देणारी साइट, इंटरनेटवर चढवायला नेटलिफाय ही सेवा. सुरुवातीला फुकटात भागतं. गिटहब पेजेस ही तशीच साइट चढवायची सेवा मात्र नको, ऑनलाइन विक्रीच्या साइटला त्यांच्या नियमांत मनाई आहे.

जीव लावायचा तो अक्षरांवर! आपल्या बेळगावातल्या शहापूरची गिऱ्हाइकं दोन्ही भाषा वाचतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच ठेवा, म्हणजे दोन्ही लिप्या सांभाळणाऱ्या अक्षर-पद्धतीत. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड. मराठी मजकुराला लँग (भाषा सांगणारी खूण) 'एमआर' (mr), कन्नडला 'केएन' (kn) लावाच. मग ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. कन्नड जोडाक्षरं ओळीखाली उतरतात, म्हणून लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.६ तरी हवी, नाहीतर ती खालच्या ओळीला चिकटतात. एकदा साध्या मोबाइलवर उघडून बघाच.