सांडलं की आधी मागे हो

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सॉल्व्हंटचा, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनाचा, ड्रम गळताना दिसला आणि तू पोतं घेऊन पुसायला धाव घेतलीस, हे पत्रातून कळलं. तुला काही झालं नाही, म्हणून जीव भांड्यात पडला. पण ‘निदान लगेच आवरलं तरी’ असं जे समाधान तुझ्या पत्रात आहे, त्याचीच मला काळजी वाटते.

काय सांडलंय हे कळेपर्यंत त्याच्या जवळ जायचं नाही. मागे हो, ओरडून बाकीच्यांना सावध कर, वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा आणि सुपरवायझरला कळव. फरशी खराब होईल, माल वाया जाईल, होऊ दे.

सॉल्व्हंटची वाफ बहुतेक वेळा हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत खड्ड्यात, गटारात, तळघरात साचते आणि लांबच्या एखाद्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून अशा जागी दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. नाकावर तर मुळीच विसंबू नकोस. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं, गॅस ओसरला. टाकीत किंवा बंद जागेत कोणी कोसळलेलं दिसलं तरी श्वसनयंत्र आणि प्रशिक्षण असल्याशिवाय शिरू नकोस. हे लिहिताना मलाही जड जातंय. पण टाकीत एकाला वाचवायला दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा, आणि तिघेही गेले, असं पुन्हा पुन्हा घडलं आहे.

‘भुसा टाक, झालं काम’ असं कोणीतरी सांगेलच. नायट्रिक ॲसिडवर टाकलेला भुसा पेटू शकतो. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन सुटतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिडवर वाळू टाकली तर ते वाळूशीच अभिक्रिया करतं आणि विषारी वायू निघतो. म्हणून प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं पत्रक, आधीच वाचून ठेव. तिचे 16 भाग असतात, ते पाठ करायची गरज नाही. सांडल्यावर काय करायचं ते सहाव्यात, प्रथमोपचार चौथ्यात, कोणते हातमोजे आणि मास्क ते आठव्यात.

त्या आठव्या भागाकडे लोक फारसे बघत नाहीत. 1996 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या रसायनशास्त्रज्ञ करेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे मोजके थेंब पडले. त्या विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या, काम वाफ ओढून घेणाऱ्या हूडखाली चाललं होतं, हातात मोजे होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्या गेल्या. नंतरच्या चाचणीत दिसलं की ते रसायन लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं. तेव्हा हातात आलेले मोजे चढवले की काम भागलं, असं धरून चालू नकोस. धुळीसाठीचा मास्क वाफ अडवत नाही, हेही त्यातलंच.

अंगावर उडालं तर भिजलेले कपडे लगेच उतरव, लाजू नकोस. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान 15 मिनिटं धुवायचं. मिनिटभरात बरं वाटलं तरी थांबायचं नाही. आयवॉशपर्यंतची, म्हणजे डोळे धुण्याच्या नळापर्यंतची, वाट डोळे मिटून सापडते का, ते एकदा करून बघ. वाटेत खोकी रचलेली असतील तर आजच हलवून घे.

पुसायला वापरलेलं ते पोतं कुठे आहे? साध्या कचऱ्यात गेलं असेल तर बाहेर काढायला सांग, झाकणाच्या डब्यात बंद करून त्यावर रसायनाचं नाव लिहायला लाव. आणि ड्रम झाकणापाशी गळत होता की तळाशी, हे तुझ्या पत्रात नाही. घाईने पुसलं की नेमकी हीच माहिती जाते. आठवत असेल तेवढं बॅच नंबरासकट रिपोर्टमध्ये लिही. त्याच बॅचचे बाकीचे ड्रम अजून गोदामात असतील.

कळावे.