मॉडेल रेल्वेसाठी विटांचं स्टेशन केलंय, पण भिंत खेळण्यातली वाटते. खरी कशी दिसेल?

समजा, मूर्तिजापूर–यवतमाळ शकुंतलेचं, म्हणजे विदर्भातल्या जुन्या नॅरोगेज गाडीचं, स्टेशन १:८७ मापात (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) करताय. मग गडबड बहुधा विटेच्या मापातच. नऊ इंची वीट इथं जेमतेम २.६ मिमी लांब, तीन इंची जाडी ०.९ मिमी. फोमबोर्डचा वरचा कागद सोला, रिफिल संपलेल्या बॉलपेननं आतल्या फोमवर दरजा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या रेषा, दाबा.

सरसकट लाल फासू नका. गावच्या वीटभट्टीवर चक्कर मारा. एकाच थप्पीत नारिंगी, काळपट, जळकी वीट दिसेल. रंग ॲक्रिलिकच घ्या. वाळल्यावर पातळ राखाडी पोस्टर कलर दरजांत सोडून ओलसर फडक्यानं वरून पुसा. (विटाही पोस्टर कलरनं रंगवल्या तर सगळंच पुसलं जातं, माझं गेलं.) छपराखाली थोडी कोळशाची पूड चोळा.