कोकणात काजू कारखाना काढला तर कामगार मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एका ऑटोमोबाइल कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर आहात, गाव कुडाळकडचं, घरची काजूची थोडी बाग आहे आणि गावी येऊन प्रक्रिया युनिट काढायचं मनात आहे. पण जो तो सांगतो, 'कोकणात माणसं मिळत नाहीत.' मी याच तालुक्यात काजूचं छोटं युनिट चालवते, म्हणून उत्तर देते.

माणसं मिळतात. त्यातही बायका मिळतात, आणि काजूच्या कामाचा बराचसा भार त्यांच्यावरच असतो. मात्र सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आठवड्याचे सहा दिवस, बारा महिने, अशी पुण्याची पाळी इथे लावायला गेलात तर दोन महिन्यांत शेड रिकामी होईल.

पुरुष कुठे गेले ते आधी सांगते. गिरण्यांच्या काळापासून इथला कमावता माणूस मुंबईला. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१च्या तुलनेत घटलेली दिसली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सगळ्यांत जास्त. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी वर असतो, पण ती मुलं शिकून बाहेर पडतात. आपल्याकडे त्यात गोव्याची भर. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडची आयटीआय झालेली पोरं रोज मोटारसायकलने गोव्यातल्या औषध कंपन्यांत जातात. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यावर तोही एक रस्ता झाला. त्यांना घरी राहून नियमित पगार मिळतो, मग ती तुमच्या शेडमध्ये का येतील? याला आळस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बागेत राखणीला नेपाळी गडी, बोटीवर नेपाळी खलाशी, चिरेखाणीवर विजापूरकडचे कामगार दिसतात, म्हणून कोकणी माणूस कष्टाला नको म्हणतो असा लोकांचा समज होतो. खरं म्हणजे ही कामं हंगामी आहेत, आणि घरच्या माणसाला वर्षभराचं उत्पन्न लागतं.

आता बायकांचं. हा भाग नीट समजून घ्या, कारण युनिट टिकणं न टिकणं इथे ठरतं.

गावातल्या बाईचं वर्ष आधीच भरलेलं असतं. जूनमध्ये तरवा म्हणजे भाताची रोपं, जुलैत लावणी. मग गणपती, गणपतीत कामावर कोणी येणार नाही आणि कोणी यावं अशी अपेक्षाही धरू नये. ऑक्टोबरात भातकापणी. पुढे जत्रा, शिमगा. मार्च ते मे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बागेत काजू वेचणं, आणि मे महिन्यात मुंबईची माणसं घरी. यातून उरणारा वेळ मोठा आहे, पण तो तुकड्यातुकड्यांत आहे. आमच्याकडे म्हणून गरावरची पातळ साल काढण्याचं आणि प्रतवारीचं काम सकाळी साडेनऊला सुरू होतं. स्वयंपाक, पोरांची शाळा, गुरांचं आटोपून बाई तेव्हाच सुटते. लावणीच्या दिवसांत अर्धा दिवस, कापणीत काम जवळजवळ बंद. मजुरी किलोवर ठेवली की जिला चार तास जमतात तिला चार तासांचे पैसे मिळतात आणि कोणाला खाली मान घालावी लागत नाही.

काजूच्या धंद्याची एक सोय आहे, ती आंब्याला नाही. आंब्याचं कॅनिंग म्हणजे मे महिन्यातले थोडे आठवडे. फळ थांबत नाही, तेव्हा एकदम माणसं लागतात आणि नंतर कोणी लागत नाही. काजूबी तसं नाही. मार्च ते मे या काळात घेतलेली बी उन्हात चांगली वाळवून पोत्यात भरली की वर्षभर पुरवून फोडता येते. त्यामुळे कापणीच्या पंधरवड्यात शेड बंद राहिली तरी माल नासत नाही. शक्य असेल तर बी वाफवण्याचं आणि कटिंगचं, म्हणजे टरफल कापण्याचं, काम आधीच उरकून ठेवा, म्हणजे बायका परत आल्या की सोलायला गर तयार असतो.

अंतराचा विचार शेड बांधण्याआधी करा. एमआयडीसीत प्लॉट घेतलात तर वीज आणि रस्ता बरा मिळेल, पण बायकांना आणायला-सोडायला गाडी लागेल. एसटीच्या वेळा तुमच्या कामाशी जुळतील असं नाही, आणि पावसात काळोख लवकर होतो. आमचं युनिट वाडीपासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि कामगार टिकण्याचं सगळ्यांत मोठं कारण मी तेच मानते. शौचालय आणि जेवायला बसण्याची जागा आराखड्यातच घ्या, 'नंतर बघू' नको.

आणि हात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. कटिंगवर हातमोजे आणि खोबरेल दोन्ही ठेवा, आणि ते वापरले जातात की नाही ते स्वतः बघा. एकीचे हात सोलवटले की चार जणी यायच्या थांबतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

खरी टंचाई वेगळीच आहे. आमच्या भागात बॉयलर सांभाळणारा, ड्रायरचं तापमान समजणारा, कटिंग मशीनची पाती लावणारा, थ्री फेजमध्ये काय बिघडलं ते ओळखणारा माणूस मिळत नाही. मोठा बॉयलर लावलात तर प्रमाणपत्र असलेला अटेंडंट कायद्यानेच लागतो. पावसाळ्यात वीज सारखी जाते, मोटरी जळतात, आणि कारागीर कोल्हापूरहून यायला दोन दिवस जातात. ड्रायरमध्ये गर जास्त तापला की पिवळा पडतो आणि भाव उतरतो. कमी वाळला तर साल सुटत नाही आणि बायका गर मोडतात. अख्खा गर आणि पाकळी (दुभंगलेला गर) यांच्या भावात मोठी दरी आहे. तुम्ही मेंटेनन्समधले आहात. ज्या माणसाअभावी इथली युनिटं अडतात, ते काम तुम्हाला येतं. म्हणून मी तुम्हाला येऊ नका म्हणत नाही.

कामगारांपेक्षा मला तुमच्या भांडवलाची जास्त काळजी वाटते. हिशोब मांडून बघा. दिवसाला ५०० किलो बी फोडायची आणि वर्षात २५० दिवस काम धरलं, तर १२५ टन बी लागते. किलोला १२० रुपये धरले तरी दीड कोटी रुपये, आणि यातली बहुतेक खरेदी अडीच-तीन महिन्यांत. तुमची बाग यातला थोडाच भाग भरून काढेल. ५०० किलोतून गर साधारण सव्वाशे ते दीडशे किलो निघतो. मशिनरीला प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेतून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकतं, जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे. पण बी खरेदीचा पैसा अनुदानातून येत नाही, त्याला बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, लागते. छोटी युनिटं बंद पडतात ती बहुतेक वेळा इथेच: डिसेंबरात बी संपते, आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते, आणि मग वेंगुर्ल्याच्या काजूचं जे नाव आहे (त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय) त्याचा फायदा तुम्हाला मिळत नाही. वेंगुर्ला-७ या जातीचं बी दहा ग्रॅमच्या आसपास भरतं, त्याचा गर मोठ्या आकाराच्या प्रतीत जातो. तो माल हातचा जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षी दुसऱ्यांची बी जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी घेऊन, फोडून द्या. पैसा अडकणार नाही आणि माणसं तयार होतील.

बाकी कोकणाचं थोडक्यात, कारण तुम्ही 'कोकणातला उद्योग' असा एकत्रच प्रश्न केलाय. डोलवीचं स्टील, थळचं खत, न्हावा-शेवा बंदर हा रायगडचा पट्टा; रोहा, महाड आणि खेडजवळचं लोटे ही रसायनांची गावं. तिथे कंत्राटी कामगार आणि रसायनशास्त्राचे पदवीधर लागतात. तिथला अनुभव सिंधुदुर्गाला लावू नका. चिपळूणच्या बाजूला जागा बघत असाल तर २२ जुलै २०२१ चा पूर कुठपर्यंत चढला होता ते विचारल्याशिवाय एक वीट लावू नका, आणि साठ्याचा विमा काढाच.

जागा घरची असली तरी सातबारा बघा. सामाईक नावं असतील तर मुंबईतल्या प्रत्येक हिस्सेदाराची संमती लागेल, तिला वर्षही जाऊ शकतं. शेरा वनसंज्ञेचा असेल, म्हणजे जमीन वन म्हणून नोंदलेली असेल, तर तो प्रश्न आधी सोडवा.

मशीनची कोटेशनं आत्ताच मागवू नका. येत्या मे महिन्यात रजा काढून गावी या. ज्या वाडीजवळ शेड बांधायची तिथल्या बचत गटाच्या बैठकीला घरातल्या बायकांना सोबत घेऊन बसा. किती जणींना काम हवंय, कोणाला कोणत्या वेळेत जमतं, कोणाच्या घरी लहान मूल आहे, कोण गेल्या वर्षी दुसऱ्या युनिटवर जात होती आणि तिने ते का सोडलं, हे विचारा. वीस नावं पक्की झाली तर वीस जणींपुरतीच शेड बांधा.