तंबाखूविरोधी कामातून करिअर होतं का?

पत्र, थोडक्यात: आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी इथे राहतो. मुलगी अकरावीत आहे, तिचा जन्म इथलाच. शाळेत ती स्पॅनिश शिकते. गेल्या वर्षापासून मेक्सिकन आणि होंडुरन मैत्रिणींबरोबर लॅटिनो मुलामुलींच्या एका तंबाखूप्रतिबंध गटात जाते. दुकानांची पाहणी करणं, शाळांमध्ये वेपिंगबद्दल (ई-सिगारेट ओढण्याबद्दल) बोलणं, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, बैठकांना जाणं असं काम चालतं. आता म्हणते, कम्प्युटर सायन्स नको, पब्लिक हेल्थ करायचं. यात नोकऱ्या असतात का? आणि खरं सांगू का, त्या मुलांमध्ये व्यसनं जास्त असतील, ही संगत बरी का, अशी धाकधूक वाटते. कॉलेजच्या अर्जात ‘लीडरशिप’ म्हणून उपयोग होणार असेल तर आमची हरकत नाही.

ताई,

आधी संगतीचं बोलतो, कारण ती शंका मनात ठेवून बाकीचं काही नीट ऐकू येणार नाही.

अमेरिकेच्या २०२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये साधारण १२ टक्के होतं, लॅटिनोंमध्ये ८ टक्क्यांच्या आत. आता आपल्याकडे बघा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात सिगारेट थोडी. चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी, खर्रा हेच जास्त. नुसत्या आकड्यांवरून संगत ठरवायची म्हटली, तर त्या मैत्रिणींच्या आयांनी आपली काळजी करायला हवी.

मग लॅटिनो मुलांसाठी वेगळा गट कशाला, असं तुम्ही विचाराल. एक कारण असं, की ‘लॅटिनो’ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी माणसं येतात. पोर्टो रिकोहून आलेल्यांमध्ये धूम्रपान मध्य अमेरिकेतून आलेल्यांपेक्षा जास्त आढळतं. अमेरिकेत मुरत गेलं की, विशेषतः बायकांमध्ये, हे प्रमाण वाढतं, हेही जुन्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे धोका आईवडलांपेक्षा इथे वाढलेल्या लेकीला जास्त. दुसरं कारण कंपन्या. ‘डोराडो’ आणि ‘रिओ’ या नावांच्या सिगारेटी खास या समाजासाठी बाजारात आणल्या होत्या. अमेरिकी सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, म्हणजे सर्जन जनरलच्या, १९९८ च्या अहवालात त्यांचा उल्लेख आहे. त्याच कंपन्यांनी या समाजाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांना, शिक्षणसंस्थांना पैसे दिले, मुलांना शिष्यवृत्त्याही दिल्या. शिष्यवृत्ती देणाऱ्याविरुद्ध बोलायला जीभ सहज रेटत नाही, हे त्या कंपन्यांना चांगलं कळत होतं. त्या पार्श्वभूमीवर सोळा वर्षांच्या मुलांनी उभं राहून “आमच्या वस्तीतल्या दुकानात ही जाहिरात मुलांच्या नजरेच्या उंचीवर का लावली आहे?” असं विचारणं, ही साधी गोष्ट नाही.

त्यात तुम्ही राहता नॉर्थ कॅरोलिनात. अमेरिकेत सगळ्यांत जास्त तंबाखू पिकवणारं हे राज्य. शेजारचं डरहॅम तंबाखूवर उभं राहिलं, ड्यूक विद्यापीठाला नाव मिळालं तेही तंबाखूतून श्रीमंत झालेल्या घराण्याचं. विन्स्टन-सेलम तर असं शहर, की त्याच्या नावाचे दोन तुकडे करून सिगारेटचे दोन ब्रँड निघाले. सिगारेटच्या पाकिटावर राज्याचा कर आजही ४५ सेंट आहे, देशातल्या सगळ्यांत कमी करांपैकी एक.

आणि ही तंबाखू खुडतं कोण? बहुतेक लॅटिनो मजूर, त्यांत मुलंही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनासह चार राज्यांतल्या ७ ते १७ वयाच्या १४१ मुलांशी बोलून अहवाल काढला. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांनी मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर अशा तक्रारी सांगितल्या. ओल्या पानांवरचं निकोटीन कातडीतून अंगात जातं, सिगारेटला हातही न लावता विषबाधा होते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात आईवडलांच्या परवानगीने १२ वर्षांच्या मुलालाही शाळेच्या वेळेबाहेर शेतावर काम करता येतं. तंबाखूच्या शेताला वेगळा नियम नाही. अहवालानंतर, २०१४ च्या डिसेंबरात, दोन बड्या कंपन्यांनी १६ वर्षांखालची मुलं कामावर ठेवू नका असं शेतकऱ्यांना कळवलं. कायदा मात्र तिथेच राहिला. तुमच्या मुलीच्या गटात एखाद्याने उन्हाळ्यात ही शेतं पाहिलेली असतील. तिने विचारू नये. तो सांगेल तेव्हा ऐकावं.

इथून मुद्द्याला येतो. असे गट ‘तंबाखू वाईट आहे’ एवढं सांगण्यासाठी नसतात. तंबाखू हा विषय, आणि आपल्या वस्तीचा प्रश्न पुराव्यानिशी सत्तेपुढे मांडायला शिकणं हे खरं प्रशिक्षण. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन २००२ पासून गरीब वस्त्यांतल्या शाळांत जवळपास हीच पद्धत वापरते: मुलांनाच पुढारी करायचं. पण पद्धत सारखी असली तरी पुढारी कोण हे महत्त्वाचं. हा लॅटिनो मुलांचा गट आहे. तुमची लेक तिथे पाहुणी आहे, आवडती पाहुणी असेल, पण पाहुणीच. चांगलं इंग्रजी, घरी गाडी, निवांत वेळ या जोरावर काउंटीच्या बैठकीत दरवेळी तीच बोलायला उभी राहू लागली, तर गटाचं काम होईल आणि गटाचा हेतू बुडेल. तिने आकडे जमवावेत, तक्ता करावा, मैत्रिणीच्या दोन मिनिटांच्या भाषणाची वेळ लावून उजळणी घ्यावी आणि मागच्या रांगेत बसावं.

म्हणूनच अर्जाबद्दल मी थोडा कडक बोलतो. कॉलेजच्या अर्जात हे काम जरूर लिहावं. पण “मी लॅटिनो मुलांचं नेतृत्व केलं” असं वाक्य दिसलं तर ते खोडायला सांगा. अर्ज वाचणारे ही भाषा ओळखतात. त्याऐवजी “आम्ही इतक्या दुकानांची पाहणी केली, मी तक्ते केले, बोलली अमुक” असं लिहिलं तर जास्त वजन पडतं. (आपल्याकडच्या पालकांना ‘कॅप्टन’, ‘फाउंडर’ या शब्दांचा फार मोह. मी रोज बघतो.) आणि गटातल्या कुणाचे फोटो, पूर्ण नाव इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, विचारल्याशिवाय तर नाहीच. गटात काहींच्या घरी कागदपत्रांचा प्रश्न असू शकतो. कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना तिथल्या सरकारी विद्यापीठांत परराज्याची फी भरावी लागते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल शाखेत ती राज्यातल्या फीच्या चौपटीहून जास्त आहे. तुमच्या मुलीला जो रस्ता सरळ वाटतो तो शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीसाठी बंद असू शकतो, हे तिने अर्जाच्या गडबडीत विसरू नये.

आता नोकऱ्या. असतात, आणि त्या पोस्टर रंगवण्याच्या नसतात. काउंटीच्या आरोग्य खात्यात हेल्थ एज्युकेटर असतात. विद्यापीठांत तंबाखूवर संशोधन करणारे गट असतात. दुकानांच्या परवान्याचे, धूम्रपानबंदीचे नियम लिहिणारे धोरणतज्ज्ञ आणि वकील असतात. आकडेशास्त्र जाणणारे तर सगळीकडे हवे असतात. पगाराचं स्पष्ट सांगतो: हेल्थ एज्युकेशन स्पेशालिस्टचा मध्यम पगार वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास, वस्तीत फिरणाऱ्या कम्युनिटी हेल्थ वर्करचा ५० हजारांच्या आतबाहेर. तुमच्या ओळखीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या पगाराशी तुलना केलीत तर जीव खालीवर होईल.

पगारापेक्षा मोठी अडचण म्हणजे पैशाचा भरवसा. यातली बरीच पदं अनुदानावर चालतात. तुमच्याच राज्याचं उदाहरण घ्या. १९९८ च्या कराराने तंबाखू कंपन्यांनी राज्यांना पैसे द्यायचे ठरले. त्यातून नॉर्थ कॅरोलिनाने २००० मध्ये हेल्थ अँड वेलनेस ट्रस्ट फंड काढला आणि किशोरवयीन मुलांमधल्या तंबाखूप्रतिबंधाचे कार्यक्रम जोरात चालले. २०११ मध्ये विधिमंडळाने तो फंडच मोडीत काढला. पुढे वेपिंगची लाट आली. राज्याने २०१९ मध्ये जूल या ई-सिगारेटच्या कंपनीवर खटला भरला, २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा पुन्हा पैसा आला. या क्षेत्रात माणसाला असं काहीतरी यावं लागतं जे अनुदान संपल्यावरही विकलं जाईल.

त्यामुळे माझा सल्ला ‘कम्प्युटर सायन्स की पब्लिक हेल्थ’ असा नाहीच. पब्लिक हेल्थ, पण आकड्यांसकट. चॅपल हिलच्या गिलिंग्स या पब्लिक हेल्थच्या स्कूलमध्ये पदवीला बायोस्टॅटिस्टिक्स आहे, हेल्थ पॉलिसीही आहे. तिथे सहसा थेट बारावीनंतर नाही, विद्यापीठात शिरल्यावर वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून दुसरा पर्याय हाताशी हवा. शार्लट आणि ग्रीन्सबरो इथेही पब्लिक हेल्थची पदवी आहे, आणि ती कमी प्रतीची समजू नका. राज्यातलं विद्यापीठ घेतलंत तर कर्ज जवळजवळ टळतं. या पगाराच्या क्षेत्रात डोक्यावर मोठं कर्ज घेऊन उतरणं हीच मला खरी चूक वाटते. खासगी विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, पदवीला त्यासाठी दीड-दोन लाख डॉलर घालू नका. खर्च करायचाच असेल तर पुढे मास्टर्सला करा, तेही दोन वर्षं नोकरी करून. मुलगी तिथली नागरिक आहे, हा मोठा दिलासा. व्हिसावर असती तर काउंटीच्या नोकरीचा रस्ता मी दाखवला नसता, कारण ही खाती सहसा स्पॉन्सर करत नाहीत.

स्पॅनिश सोडू देऊ नका. शाळेतली स्पॅनिश आणि दवाखान्यात कामाला येणारी स्पॅनिश यांत खूप अंतर आहे, पण ते भरून निघतं. अठरा पूर्ण झाल्यावर ४० तासांचं प्रशिक्षण घेऊन वैद्यकीय दुभाषाच्या प्रमाणपत्राची परीक्षा देता येते, आणि कॉलेजमध्ये असताना ते चांगलं काम आहे. तिच्या मैत्रिणी लहानपणापासून आईवडलांसाठी बँकेत, दवाखान्यात दुभाषाचं काम करत आल्या असतील. हा रस्ता त्यांनाही सांगायला सांगा. त्यांच्या तो जास्त कामाचा आहे.

या वर्षापुरतं सांगायचं तर एवढं करा. अकरावीतल्या मुलांना तुमच्या राज्यात ‘करिअर अँड कॉलेज प्रॉमिस’ योजनेत कम्युनिटी कॉलेजचे काही विषय फी न भरता घेता येतात. संख्याशास्त्राचा एक विषय तिथे घ्यावा, किंवा शाळेतच कॉलेजच्या पातळीचं एपी स्टॅटिस्टिक्स. गटाने केलेली दुकानांची पाहणी आत्ता कागदांवर पडली असेल. ती स्प्रेडशीटमध्ये भरावी, शाळेपासूनचं अंतर, जाहिरातीची भाषा, किंमत असे रकाने पाडावेत आणि सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तरुणांच्या सर्वेक्षणातले आकडे बाजूला ठेवून बघावेत. ते सगळ्यांना मोकळे आहेत. हे करताना तिला कंटाळा आला, तर पब्लिक हेल्थचा फेरविचार करा. रात्री जेवायला हाक मारल्यावरही उठली नाही, तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं.

उन्हाळ्यात भारतात येणार असाल तर नवी मुंबईतली हीलिस-सेखसरिया ही संस्था तंबाखूवर संशोधन करते. तिने स्वतः, तुम्ही नाही, त्यांना पत्र लिहून भेटीची वेळ मागावी. आणि एकदा शेजारच्या रॅली शहरात, सहसा सप्टेंबरमध्ये, लॅटिनो समाजाची ‘ला फिएस्ता देल पुएब्लो’ ही जत्रा भरते तेव्हा तुम्ही दोघं तिच्याबरोबर जा. गटातल्या मुलांच्या आया तिथे भेटतील. संगतीची चौकशी मला विचारण्यापेक्षा त्यांच्याशी बोलून होईल, आणि त्यांनाही तुमच्याबद्दल काही विचारायचं असेलच.