स्पॅनिश डान्सर ही समुद्री गोगलगाय ओळखायची कशी, आणि टाकीत पाळता येते का?

रंगावर विसंबू नका, कल्ले बघा. स्पॅनिश डान्सरच्या (शास्त्रीय नाव हेक्साब्रँकस सँग्विनियस) पाठीवर मागच्या बाजूला साधारण सहा कल्ले असतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं. बहुतेक डोरिड गोगलगायी (पाठीवर कल्ल्यांचा झुपका असणाऱ्या, हिच्याच गटातल्या) धक्का लागताच सगळे कल्ले एकाच खळग्यात ओढून घेतात, हिला ते जमत नाही. कल्ल्यांजवळ नीट पाहा, कधीकधी तिथे लाल-पांढरी एम्परर कोळंबी बसलेली सापडते.

लाल समुद्रापासून लक्षद्वीप, अंदमान आणि पुढे प्रशांत महासागरापर्यंत ही गोगलगाय प्रवाळांत राहते, रात्री बाहेर पडते. लांबी 20 ते 30 सेंमी सहज भरते. सरपटताना पाठीची कड वर गुंडाळलेली असते. डिवचलं की ती उलगडते आणि अंग लाटेसारखं हलवत ही पोहू लागते. म्हणून फोटोसाठी तिला उचलून पाण्यात सोडणं अगदी चूक, तो नाच म्हणजे पळ काढणं असतं.

टाकीत ठेवू नका. ती फक्त स्पंज (समुद्रतळाला चिकटून राहणारे साधे प्राणी) खाते, त्यातलंच विष स्वतःच्या संरक्षणासाठी साठवते आणि गुलाबाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या अंड्यांच्या फितीतही उतरवते. तो स्पंज सतत पुरवणं घरी जमत नाही आणि ती उपाशी मरते.