वायरिंगसाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण दोघे डोंबिवलीत १९८७ साली बांधलेल्या इमारतीत राहता. निवृत्तिवेतन महिना ३८,००० रुपये आणि घरखर्च ३०,००० च्या आसपास आहे. बचत खात्यात १,४०,००० रुपये आहेत, शिवाय ५ लाखांची तीन वर्षांची मुदत ठेव आहे आणि तिचे २२ महिने झाले आहेत. वायरमनने संपूर्ण घराच्या नव्या वायरिंगसाठी १,८०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यासाठी ठेव मोडावी, की सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणून थांबावे, असे आपण विचारले आहे.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की गिझरच्या स्विचची पट्टी तपकिरी पडली आहे आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खाचेत, तांब्याची जाड तार बांधून घेतली आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि सैल झालेल्या जोडावर ती एकाच ठिकाणी साचते, म्हणून पट्टी करपते. अशा वेळी आधी वितळावी एवढ्यासाठीच फ्यूजची तार बारीक ठेवलेली असते. तिच्या जागी जाड तार आली की भिंतीतली जुनी वायर आधी तापते, आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही.

म्हणून पुनर्विकासासाठी थांबण्याचा सल्ला मी देणार नाही. सर्वसाधारण सभेतल्या चर्चेपासून घर रिकामे करण्यापर्यंत अनेकदा वर्षे जातात. विकासकाशी करारनामा नोंदणीकृत होऊन घर सोडण्याची तारीख हाती येईपर्यंत पुनर्विकास आपल्या हिशेबात धरू नये. मात्र थांबायचे नाही म्हणून १,८०,००० रुपये आजच घालावेत, असेही नाही.

वायरमनकडून अंदाजाचे दोन भाग करून घ्यावेत. भिंती फोडून पाइप टाकणे, प्लास्टर, रंग आणि नवे मॉड्युलर स्विच हा एक भाग. तो पुनर्विकासात मातीमोल होणारा खर्च आहे आणि त्याची घाई नाही. दुसरा भाग जिवाशी निगडित आहे: किटकॅट काढून एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंगची दुरुस्ती, आणि गिझर व एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या स्वतंत्र वायरी, त्याही भिंत न फोडता पीव्हीसी पट्टीतून. एमसीबी वायरीचे रक्षण करतो. विजेचा धक्का बसणाऱ्या माणसाला आरसीसीबी वाचवतो, त्यामुळे त्यात काटकसर करू नये. हा भाग ४५,००० च्या आसपास बसला तर तो बचत खात्यातून द्यावा. ९५,००० रुपये उरतील, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च शाबूत राहील.

त्याआधी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाची स्थिती मोजणाऱ्या उपकरणाने, जुन्या वायरींची तपासणी करून घ्यावी. वायरीचे आवरणच निकामी झालेले आढळले, तर मात्र सर्व वायरी बदलाव्या लागतील. तेव्हाही ठेव मोडू नये. आपल्या बँकेचा मुदतपूर्व दंड १ टक्का असल्याचे आपण लिहिले आहे. पूर्ण ५ लाखांवर २२ महिन्यांसाठी तो सुमारे ९,२०० रुपये होतो. याउलट ठेवीवर तारण कर्ज ठेवीच्या व्याजदरापेक्षा १ टक्का जास्त दराने मिळत असेल, तर अंदाजातले बाकीचे १,३५,००० रुपये ठेवीच्या उरलेल्या १४ महिन्यांसाठी घेतल्यास निव्वळ भार साधारण १,६०० रुपयांचा पडतो, कारण ठेवीचे व्याज चालूच राहते. बँकेतून दर लेखी घ्यावा.

आणखी एक रक्कम आपल्या खिशातून जाता कामा नये. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमधील मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. मीटरच्या खोलीतली जुनी केबल आणि इमारतीचा अर्थिंगचा खड्डा वायरमनच्या अंदाजात धरला असेल, तर तो वगळायला सांगावा आणि सचिवांना लेखी अर्ज द्यावा. त्यासाठीच आपण दर महिन्याला दुरुस्ती निधी भरत आला आहात.

विम्याबद्दलही आपण विचारले आहे. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि ती अवश्य घ्यावी. परंतु शॉर्टसर्किटने जे उपकरण स्वतः जळते त्याची भरपाई तीत मिळत नाही. त्यातून लागलेल्या आगीत इतर वस्तूंचे जे नुकसान होते, त्याची मिळते. वायरिंगचा खर्च विम्याने टळत नाही.

काम होईपर्यंत गिझर बंद ठेवावा, पाणी गॅसवर तापवावे आणि उन्हाळ्यासाठी घ्यायचा एसी नवी वायर पडल्यावरच बसवावा. आरसीसीबी बसवून झाल्यावर त्यावरचे चाचणीचे बटण वायरमनला आपल्यासमोर दाबायला सांगावे. घरातली वीज तत्क्षणी गेली, तरच बिलाचा शेवटचा हप्ता द्यावा.