संत्री, मोसंबी, तोरिंग: गोव्यातल्या थंडीत सोलून खाण्यापलीकडे यांचं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून पणजीला बदली होऊन आलात, बाजारात संत्र्यांचे ढीग बघून दोन किलो उचललीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोहाने एक भलंमोठं तोरिंगही, म्हणजे आपलं पपनस, घेतलंत आणि आता ते ओट्यावर बसून तुमच्याकडे बघतंय. रात्री रस काढून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी कडू झाला, तो का, आणि या फळांचं स्वयंपाकात काही होतं का, हे तुमचे दोन प्रश्न.

माझं माहेर वरुडचं, म्हणजे संत्र्यांच्या बागांतलंच. सासर फोंड्याचं, घरामागे कुळागर, त्यात पोफळी, मिरवेली, केळी आणि कडेला एक म्हातारं तोरिंगाचं झाड. बावीस वर्षं दोन्हीकडची फळं हाताळतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी कडू रसाचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बाबांनी पाठवलेल्या पेटीतला रस द्यायचं मी ठरवलं. सकाळीच मिक्सरमधून काढून मोठं पातेलं भरून ठेवलं. संध्याकाळी वाड्यावरच्या बायका आल्या, पहिला घोट घेतला आणि एकेकीने ग्लास अगदी हळूच खाली ठेवला. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. वरुडची मुलगी, आणि मला हे माहीत नव्हतं! खरं सांगायचं तर आमच्याकडे रस कोणी काढायचंच नाही. झाडाखाली बसून सोलायचं आणि खायचं.

कारण नंतर कळलं. संत्र्याच्या पांढऱ्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं, जे मुळात कडू नसतं. फळ अखंड असेपर्यंत ते आंबट रसापासून वेगळं राहतं. पिळलं की दोघांची गाठ पडते आणि काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, ते जबर कडू. नागपुरी संत्र्यात हे चांगलंच जाणवतं, किन्नो जातीच्या संत्र्यातही. साखर घालून ते जात नाही, नुसता गोड-कडू रस होतो. म्हणून मिक्सर नको, बिया भरडल्या जातात. हाताने किंवा लाकडी पिळणीवर हलक्या हाताने पिळा आणि लगेच प्या. ठेवायचाच असेल तर रस ठेवू नका, संत्री ठेवा.

यातूनच माझा स्वयंपाकघरातला नियम निघाला: गर चुलीवर चढवायचा नाही, साल चढवायची. गराला उष्णता लागली की वास उडतो आणि कडवटपणा वर येतो. सालीचं उलटं आहे. ती उकळली की तिचा कडूपणा पाण्यात उतरतो, आणि वास असा चिवट की गूळ-चिंचेतही हरवत नाही. लोक बरोबर उलटं करतात, गर शिजवतात आणि साल कचऱ्यात टाकतात.

साल हवी म्हणजे खरेदी बघून करायला हवी. इथे नोव्हेंबर-डिसेंबरला जो माल येतो तो अंबिया बहाराचा. डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतात, जानेवारी-फेब्रुवारीत ते फुलतं आणि त्याची फळं पुढच्या हिवाळ्यात उतरतात. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चला येतात. मधल्या दिवसांत गाडीवर जे चकचकीत, घट्ट सालीचं, बियांनी भरलेलं फळ ‘नागपुरी’ म्हणून मिळतं ते बहुतेक पंजाबकडचं किन्नो असतं. चव वाईट नाही, पण साल सोलताना नखं दुखतात. नागपुरीची साल सैल आणि खडबडीत, बोटाने उचलली की निघते. मात्र फार सैल, फुगलेलं फळ घेऊ नका, आत कोरडं निघतं. हातात जड लागतं ते घ्या. रंगावर जाऊ नका. रात्री गार पडल्या की साल केशरी होते, उष्ण हवेत पिकलेलं फळही हिरवं राहतं. आणि संत्रं झाडावरून उतरलं की आणखी गोड होत नाही, त्यामुळे ‘ताई, घरी ठेवा, दोन दिवसांत गोड होतील’ म्हणणाऱ्याला हसून पुढे जा. फळांवर बरेचदा मेण चढवलेलं असतं, तेव्हा साल वापरणार असाल तर कोमट पाण्यात जाड मिठाने खसखसून धुवा. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कधीच ठेवू नका. इथल्या दमट हवेत एकाला हिरवी बुरशी धरली की दोन दिवसांत सगळ्यांना लागते.

आता सालीचं पंचामृत. लग्नकार्यातलं चिंचगुळाचं पंचामृत तुम्हाला पुण्यात नवं नसेल, त्यातच ही साल जाते. चार संत्र्यांच्या साली घ्या, चमच्याने आतला पांढरा भाग जमेल तेवढा खरवडा, पाच मिनिटं उकळा, पाणी फेका. परत नव्या पाण्यात उकळा, परत फेका. एक तुकडा चावून बघा. जिभेच्या मागे किंचित कडू लागायला हवं, तोंड वाकडं व्हायला नको. मग बारीक चिरा. तेलात मोहरी, हिंग, सात-आठ मेथीदाणे, तीन-चार हिरव्या मिरच्या, त्यावर साल, आणि मंद आचेवर परता. कडा जरा पारदर्शक दिसायला लागल्या की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ, आणि सालीच्या अंदाजाने जवळपास तेवढाच गूळ. मी माडाचा काळा गूळ घालते, त्याला एक धुरकट चव असते जी संत्र्याला फार जुळते. शेवटी दाण्याचं आणि भाजलेल्या तिळाचं कूट, चमचाभर गोडा मसाला. तेल कडेला सुटलं की उतरवा. त्याच दिवशी खाऊ नका. दुसऱ्या दिवशी ते खरं पंचामृत होतं. फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस सहज टिकतं, आमच्याकडे तेवढं उरत नाही हा भाग वेगळा.

तोरिंगाचं मी सासूबाईंकडून शिकले. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांगायच्या फळांच्या छताला, ते लागतंच, तेव्हा ते बहुधा हिरवं असतं. चतुर्थीनंतर झाडावर जी राहतात ती थंडीपर्यंत पिवळसर होतात आणि तीच खायची. काढल्यावर ती आठवडा-दोन आठवडे अशीच राहू शकतात, त्यामुळे तुमचं ओट्यावरचं फळ अजून गेलेलं नाही, घाबरू नका. पहिल्यांदा मी ते कलिंगडासारखं मधोमध कापायला घेतलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तोरिंगाक सुरी लायनाका गे, कोडू जाता.” सुरी फक्त वरच्या सालीपुरती. देठाकडची टोपी उडवायची, बाहेरून पाच-सहा उभ्या चिरा पांढऱ्या कापसापर्यंत द्यायच्या आणि साल पाकळ्यांसारखी ओढून काढायची. मग अंगठ्याने फळ फोडायचं, एकेक फोडीचा पडदा पाठीकडून फाडायचा आणि आतला गर अखंड सोडवायचा. गराचे दाणे सुटे आणि कोरडे हवेत, मोत्यांसारखे. पडद्यात नारिंजिन असतं, ते संत्र्यासारखं थांबत नाही, लागल्या क्षणी कडू. नाव आपल्याच नारंगावरून पडलंय. तोच शब्द अरबांकडे नारंज झाला, पोर्तुगीजांकडे लारांजा, आणि माझी ख्रिश्चन शेजारीण आजही संत्र्याला लारांज म्हणते. शब्द फिरून परत घरी आला!

त्या गराचं सासव करा, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं फळांचं तोंडीलावणं. सासव इथे आंब्याचं, अननसाचं करतात, आमच्या घरी थंडीत तोरिंगाचं होतं. अर्ध्या तोरिंगाच्या गराला एक वाटी ओलं खोबरं, दोन-तीन सुक्या बेडगी मिरच्या, मीठ, आणि आंबटपणा बघून दोन-तीन चमचे गूळ. खोबरं-मिरची अगदी थोड्या पाण्यात वाटून घ्यायची आणि चमचाभर मोहरी सगळ्यात शेवटी टाकून दोनच फेरे द्यायचे. मोहरी जास्त वाटली की वाटण कडू होतं, आणि तोरिंगाचा कडूपणा त्यात मिसळला तर कोण गुन्हेगार ते कळतही नाही. वाटण नाकात झणझणलं पाहिजे. त्यात गर अलगद मिसळा, चमच्याने ढवळू नका, हाताने. चुलीचा संबंधच नाही. सासूबाई फोडणीही देत नाहीत. उकड्या तांदळाचा भात, वरण आणि हे सासव, आणि खायला तासाभरात बसायचं, कारण मीठ लागलं की गराला पाणी सुटतं. संत्र्याचंही होतं, पण त्याच्या फोडी मऊ, लवकर गळतात.

तोरिंगाची जाड साल फेकू नका. तिचे बोटभर तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, तीनदा पाणी बदलून उकळून, साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत मुरवायचे आणि जाळीवर वाळवायचे. नाताळाच्या आधी मी असा डबाभर शेजारणीला देते, ती केकमध्ये घालते आणि कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात मला दोस, नेवऱ्या, दोदोल येतात. हिशेब माझ्या फायद्याचा आहे, पण तिला अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र थट्टेत नेऊ नका. तुमच्या घरी कोणी रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत असेल तर तोरिंग रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूटसारखंच तेही काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. संत्र्या-मोसंबीचा असा त्रास नाही.

बासुंदीत संत्रं घालायचं असेल तर बासुंदी आटवून, फ्रीजमध्ये गार करून, पानं वाढायच्या पाच मिनिटं आधी सोललेल्या फोडी सोडा. गरम दुधात टाकल्या तर पनीर होईल. मोसंबीबद्दल माझं मत चांगलं नाही, ते दवाखान्यात भेटीला न्यायचं फळ. मीठ-मिरपूड लावून खा नि विसरा. लिंबं मात्र थंडीत स्वस्त असतात, उन्हाळ्यात हातही लावू देत नाहीत, तेव्हा किलोभर आणून फोडी करून पावशेर मीठ लावून बरणी उन्हात ठेवून द्या. मिरची-गुळाचा निर्णय महिन्याने घ्या, साल मऊ झाल्यावर.

आणि माशात संत्रं नको. मी एकदा मोबाईलवर बघून बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, संत्र्याचा रस घातला होता. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि शांतपणे विचारलं, सोलं संपली का गं? गोव्यात माशाला आंबट म्हणजे सोलं (आमसुलं), चिंच, फार तर बिंबली. लिंबू तळलेल्या मुडदुशी माशावर पिळायला, बस.

तुम्ही शेवटी विचारलंय की बी लावून घरी झाड येईल का. झाड येईल, फळांची वाट बघत बसाल. आमच्याकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरून कलम करतात. बाबांनी तसं एक कलम ओल्या गोणपाटात गुंडाळून वरुडहून रेल्वेने आणलं आणि स्वतः खड्डा करून विहिरीमागे लावलं. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, जांभा जमीन आणि थंडीतही पारा विशीच्या आसपास. झाडाला ना ताण बसतो, ना सालीला रंग येतो. सातव्या वर्षी फळं धरली, हिरवीगार आणि दात आंबतील अशी. बाबांनी एक फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाले, “साल वाया घालवू नको, वास चांगला आहे.” तेव्हापासून पंचामृतासाठी मी बाजारची संत्री आणत नाही.